खंडेनवमीच्या आत चालू झाला पाहिजे!

नवीन पार्ट घेतला की किस्सा घडत नाही. दुकानात जायचं, पैसे टाकायचे, खोकं घेऊन घरी यायचं, संपलं. जुना पार्ट घ्यायला मात्र माणसाच्या घरात शिरावं लागतं. चप्पल काढा, पाणी प्या, ‘कुणाचा रं तू?’ याचं उत्तर द्या, कॉलेज का सोडलंस यावर भाषण ऐका, मग कुठं माळ्यावरनं ती वस्तू खाली येते. आणि वस्तूबरोबर असं काहीतरी बाहेर येतं की आपलं तोंड उघडंच राहतं. मी आणि इरफाननं मिळून जुन्या गेम्ससाठी जुना कॉम्प्युटर जुळवला तो एकच. किस्से मात्र पोतंभर जमले.

इरफानचं उचगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं बारावीनंतर शिक्षणाला रामराम केला, मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात. राजारामपुरीतल्या एका कॅफेवाल्याच्या डोक्यात आलेलं, की गिऱ्हाइकांना त्यांच्या लहानपणीचे गेम खेळायला द्यायचे, पण जुन्याच मशीनवर, जुन्याच डबा मॉनिटरवर. ‘एक चालू करून दाखवा, बाकीची सगळी ऑर्डर तुम्हाला,’ म्हणाला. आमच्यासाठी तो धंदा होता. माझ्या बाबांसाठी ते भंगार होतं.

बाबा सरकारी नोकरीतनं रिटायर झालेत. आता त्यांच्या हाताखाली मी एकटाच उरलोय. त्यांनी ऑर्डर काढली, “खंडेनवमीला माणसं आपापली हत्यारं पुजत्यात. त्या दिवशी तुझं हत्यार चालू दिसलं पाह्यजे. न्हायतर बॅग भरायची आणि मामासंगट आजऱ्याला जायचं.”

मामाचा आजऱ्याला काजूचा कारखाना आहे. तिथं पोत्यांच्या वजनाला उभं राहायचं, जन्मभर. मामानं फोनवर होकारही देऊन टाकलेला. मला कुणी विचारलंच नव्हतं!

*

पहिलं कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा बाहेरचा डबा. पेठेतल्या एका आजोबांकडं होतं. आयुष्यभर हिशेब तपासलेला माणूस, बोलणं एकदम मोजून-मापून. कॅबिनेट जुनं, पिवळं पडलेलं, पण मजबूत. फक्त डोक्यावर मोठा खड्डा.

“आजोबा, पडलेलं काय हे?”

“न्हाय. आमच्यात वस्तू पडत न्हाय.”

इरफाननं बाजूचा पत्रा काढला आणि दोन पावलं मागं सरकला. आत हळद. कुंकू. झेंडूची वाळलेली फुलं. पंख्याच्या पात्यांत अक्षता अडकलेल्या आणि प्रोसेसरशेजारी एक सुपारी, टिळा लावून.

“हे काय?”

“पूजा! दरसाल करतोय. लोकं भाईरनं करत्यात. काय उपेग? खरं मशीन आत असतंय की!” म्हणजे हा माणूस दरवर्षी स्क्रू खोलून मदरबोर्डला हळद-कुंकू वाहत होता!

“मग बंद कधी पडला?”

“एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी.”

“कुणाला दाखवला?”

“दाखवतोय कुणाला? परत पूजा केली. नारळ वाढवला.”

“कुठं?”

आजोबांनी आमच्याकडं असं बघितलं, की आम्ही दोघं जन्मजात बिनडोक.

“त्याच्यावरच की!”

*

मदरबोर्ड आणि रॅमसाठी आम्ही एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासचं शटर उघडायला लावलं. क्लासचे सर आता प्लॉट विकतात. भिंतीवर अजून बोर्ड होता, ‘उज्ज्वल भविष्याची गुरुकिल्ली’. खाली ओळीनं कॉम्प्युटर मांडलेले. आमच्या तोंडाला पाणी सुटलं. एवढ्या मशीनमधनं एक काय, पाच जुळतील!

इरफाननं पहिलं उघडलं. रिकामं. मदरबोर्ड नाही, रॅम नाही, काहीच नाही. दुसरं उघडलं. तेही रिकामं. तिसऱ्यात एक वीट होती.

“वीट कशाला, सर?”

“हलका डबा पोरं सरकवायची.”

शेवटी कळलं ते असं, की खरे कॉम्प्युटर दोनच होते, सरांच्या टेबलाजवळ; त्यातल्याच एकातनं आमचा मदरबोर्ड आणि रॅम निघाली. बाकीच्या ठिकाणी नुसते डबे आणि त्यांना टेकवून ठेवलेले कीबोर्ड.

मी म्हणालो, “सर, पोरं शिकायची कशी?”

“टायपिंगला आत काय लागतंय? बोटांना वळण लागल्याशी मतलब! स्क्रीन चालू असली की पोरांचं लक्ष स्क्रीनकडं जातंय.”

पालकांनी फी भरली, पोरांनी बंद पडद्यासमोर बसून बोटं बडवली, वर परीक्षा घेतली आणि सर्टिफिकेटं वाटली! माझं डोकं फिरलं. मी सरांना चार शब्द सुनावणार, तेवढ्यात बघतो तर इरफान कोपऱ्यातल्या एका डब्यासमोर गप्प उभा.

“काय रं?”

“भावा, हितंच शिकलोय मी. हीच माझी जागा. ए ग्रेड मिळालती मला.”

मग त्यानं त्या रिकाम्या डब्यावरनं हात फिरवला.

“तरीच म्हटलं, माझा कधी हँग कसा झाला न्हाय!”

*

डबा मॉनिटर जोतिबाच्या वाटेवरच्या एका गावात मिळाला. घरात शिरलो तर शोकेसच्या मधोमध कॉम्प्युटर. प्लॅस्टिकसकट! शेजारी फुलदाणी, वर क्रोशाचा रुमाल.

“सुनंच्या रुखवतात आलाय,” सासूबाई म्हणाल्या. “अजून पिशवी काढल्याली न्हाय.”

“चालू करून बघू?”

त्या दचकल्याच. “चालू? मग वापरल्याला हुतोय की ओ पावणं!”

सून चहा घेऊन आली. तिचा स्वतःचा मुलगा आता कॉलेजात जातो. मी सहज विचारलं, “वहिनी, तुम्हाला येतो कॉम्प्युटर?” तर सासूबाईच बोलल्या, आणि अभिमानानं! “बी. एस्सी. कॉम्प्युटर हाय ती! पर जपलाय हां आम्ही. तिलासुदिक हात लावू दिला न्हाय.”

माझ्या हातातला चहा तिथंच राहिला. पोरगी कॉम्प्युटर शिकलेली, बापानं लग्नात कॉम्प्युटर दिलेला, आणि इतकी वर्षं ती त्याच्यावरची धूळ पुसतीया! राग यायला पण आधी विश्वास बसावा लागतो. माझा बसतच नव्हता.

सासूबाईंनी निकाल दिला, “टीव्ही तेवढा न्या. खालचा डबा ठेवतोय. फोन ठेवाय बरा पडतोय त्यावर.”

मॉनिटर उचलताना सून हळूच इरफानला म्हणाली, “तो डबा जरा उघडून बघता? रॅम किती आहे त्यात, तेवढं सांगा. लग्नात विचारायचं राहिलं.”

इरफाननं स्क्रू काढले, वाकून बघितलं, सांगितलं.

तिनं क्रोशाचा रुमाल त्या डब्यावर पसरला. मग म्हणाली, “मला बास झालं असतं.”



*

ग्राफिक्स कार्डाची जाहिरात मोबाईलवर दिसली. ठरल्या पत्त्यावर बेल वाजवली, दार उघडलं आणि समोर आमच्या कॉलेजचे एच.ओ.डी.! लुंगीवर!

ह्याच माणसानं भर वर्गात मला सांगितलेलं की तू कॉलेज सोडलंस तर तुला कोणी ओळखणार नाही. मी तयारीतच होतो. म्हटलं, आता टोमणा येणार, आणि आला की मी पण सोडत नाही.

सरांनी चष्मा सरळ केला. “अरे, तू आपल्याच डिपार्टमेंटचा ना?”

“होतो, सर.”

“होतो म्हणजे?”

“सोडून वर्ष झालं.”

सर गोंधळले. खरोखर गोंधळले, नाटक नव्हतं. “काहीतरी काय बोलतोस? परवाच मी लिस्टवर सही केली. तुझी अटेंडन्स चांगली आहे!”

मी गार! सर अजून आठवत होते. “इंटर्नलला पण बरे मार्क आहेत तुला. असाच नियमित येत जा.”

जिना उतरताना इरफान कठड्याला धरून बसला. हसून हसून त्याला उठता येईना. “लेका, तू असाच गप घरात बस. पास हुतोयस तू!”

*

बाबांचा एक छोटा किस्सा. ते आमच्या खोलीत येऊन ‘भंगार, भंगार’ म्हणून ओरडत होते. मी खिडकीतनं अंगणात बोट दाखवलं. तिथं त्यांची स्कूटर उभी आहे, ताडपत्रीखाली, माझ्या जन्माच्या आधीपासून बंद.

बाबा म्हणाले, “ती भंगार न्हाय. ती थांबलीया.”

*

सगळं जुळलं, पण मशीन चालू होईना. बटण दाबलं की तीन शिट्ट्या, आणि ठप्प. रॅम काढली, तिची कड खोडरबरानं घासली, परत घातली, तरी शिट्ट्याच. घट बसायला थोडेच दिवस राहिलेले. आई माझे कपडे इस्त्री करायला लागली. आईनं इस्त्री काढली की समजायचं, बाबांचा निर्णय झालाय.

नवरात्राच्या आधी आमच्या कोल्हापुरात घरातलं धुता येईल तेवढं सगळं धुतात. चादरी, वाकळा, पडदे, घोंगडी, डबे. काही सुटत नाही. मी बाहेरनं आलो आणि गच्चीवर गेलो. दोरीवर दोन वाकळांच्या मधोमध, चिमटे लावून, मदरबोर्ड वाळत घातलेला!

खालून पाणी ठिबकत होतं.

बाबा बादली घेऊन उभे. “किती घाण हुती त्यात! देवीच्या दिवसांत घरात असली घाण?”

“कशानं धुतलं?”

“पावडरनं. आणि बारीक खाचा हुत्या तिथं ब्रशनं.”

“कसल्या ब्रशनं?”

“तुझ्या. दातांच्या.”

मी जिन्यात बसून राहिलो. इरफानला फोन केला, म्हणालो, संपलं, मी चाललो काजू मोजायला. तो म्हणाला, चांगला वाळू दे, गडबड करू नको, हात लावू नको. कडक ऊन होतं, चांगला वाळला. मग इरफान आला, सगळं जोडलं, डोळे मिटून बटण दाबलं.

एकच शिट्टी. पडद्यावर अक्षरं!

रॅमच्या स्लॉटात वर्षानुवर्षांची घाण बसलेली, आमचं खोडरबर तिथं पोचलंच नव्हतं, ती बाबांनी घासून काढलेली. मी बाबांकडं बघितलं, बाबा माझ्याकडं. त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं. इरफान गंभीरपणे म्हणाला, “काका, पावडर कुठली? दुकानात ठेवतो.”

*

खंडेनवमी. मशीनला झेंडूची माळ घातली. बाहेरनंच! मामा सकाळीच आजऱ्याहून जीप घेऊन आलेला. गेम लावला, चालला, आवाजसुद्धा खणखणीत. इरफाननं माझ्या पाठीत गुद्दा घातला. जिंकलो!

बाबांनी पडद्याकडं बघितलं, हात जोडले आणि म्हणाले, “चालू झालं, बेस झालं. आता बॅग आण.”

“बाबा, ठरलेलं काय?”

“गेम चालू झाला म्हंजे नोकरी लागली व्हय रं? मामा एवढ्या लांबनं आलाय. ऊठ!”

माझ्या कानावर माझा विश्वास बसेना. स्वतःच ठरवलेलं, देवासमोर फिरवलं! आईकडं बघितलं तर ती खाली बघायला लागली. बाबांनी बॅग स्वतःच आणून माझ्या पायाशी ठेवली. आणि वर नेहमीची टेप लावली, “शिक जरा मामाकडनं! तुझ्या वयात कोल्हापुरात खोली घिऊन ऱ्हायलाता. सकाळी डबा घिऊन अभ्यासिकेत, ते दिवं लागल्यावर घरात. डोळं लालभडक हुस्तवर वाचायचा! साहेबाची परीक्षा थोडक्यात हुकली, न्हायतर आज लाल दिव्याच्या गाडीत असता.”

हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. मामा यावर कधी बोलत नाही. फक्त मान हलवतो.

आजही हलवली. मग म्हणाला, “बघू तरी काय केलंयस,” आणि खुर्चीत बसला.

दगडी भिंतींचा, अंधाऱ्या बोळांचा बंदुकीचा गेम होता. मी सांगायला पुढं झालो, “मामा, ह्या बटणानं पुढं जायचं, ह्यानं…” मामानं हातानंच मला बाजूला केलं. त्याचा डावा हात कीबोर्डवर जाऊन बसला. बघून नाही, आपोआप. पहिली खोली साफ. बोळाच्या तोंडाशी थांबला, आणि ओठांतल्या ओठांत म्हणाला, “आता डावीकडनं दोघं येत्यात.”

डावीकडनं दोघं आले.

इरफानच्या तोंडाजवळचा पेढा तिथंच थांबला. पुढं बोळ संपला, समोर सरळ भिंत. मी हा गेम किती वेळा खेळलोय, तिथनं सगळे परत फिरतात. मामा परत फिरला नाही. भिंतीला जाऊन चिकटला, एक बटण दाबलं आणि अख्खी भिंत सरकली! आत बंदुका, औषधं, सगळा खजिना.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. “दादा,” ती म्हणाली, “तू अभ्यासिकेत…” आणि थांबली.

बाबांना काही उमगलं नव्हतं. ते घड्याळ बघत म्हणाले, “पावणं, निघायचं न्हवं? ऊन व्हाय लागलं.”

मामानं मान वळवली नाही.

“दाजी, ती बॅग आदी आत ठेवा, पायात येतीया. आणि जरा गप ऱ्हावा. ह्या लेव्हलला जीव लई कमी असतोय.”