ह्यांचे कान आणि माझे वाल

आमच्या लालबागात कुठलंही काम पुढे ढकलायला एक मुहूर्त ठरलेला आहे. "गणपती झाले की बघू." नळ गळतोय? गणपती झाले की. दात दुखतोय? गणपती झाले की. आणि गणपती गेले की पितृपक्ष, त्यात तर कोणी नवं काही करतच नाही. मग नवरात्र, मग दिवाळी, आणि दिवाळीतल्या पणत्या काढून ठेवल्या की माणूस म्हणायला मोकळा, आता नवीन वर्षातच बघू या. आमच्या ह्यांच्यापुढे तर ह्या बाबतीत कोणाचा टिकाव लागणार नाही.

ह्यांना कमी ऐकू यायला लागलं त्याला आता बरीच वर्षं झाली. कान दाखवा म्हटलं की, "दाखवूया गो, चतुर्थी होऊ दे." आमच्या मालवणकडे गणपतीला चतुर्थी, नाहीतर चवतच म्हणतात. अशा किती चतुर्थ्या आल्या आणि गेल्या. मीही फार ताणत नसे. टीव्ही मोठा लावतात, लावू देत. मी दोनदा हाक मारते, त्यात माझं काय जातं.

पण एक दिवस दुपारी बुवा आले. बुवा म्हणजे ह्यांच्या भजनी मंडळाचे गायक, गावचे, लहानपणापासूनचे दोस्त. हे पखवाज वाजवतात. गावी चतुर्थीत डबलबारी होते, म्हणजे दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात आणि एकाने गायलं की दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. त्यात बुवाने अर्धा शब्द उचलला की पखवाजाने ओळखलं पाहिजे, आता चाल बदलणार, सगळ्यांनी मिळून म्हणायचा गजर येणार. हे नेमके भाजी आणायला गेलेले. बुवांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "वैनी, राग मानू नकात. तो हल्ली मागे पडता. मी गजर उचललंय तरी तेचो हात आदल्या तालातच. आपल्या माणसांका चालता, पण समोरच्या बुवाक कळतला."

मी म्हटलं, "मग तुम्हीच सांगा ना त्यांना."

"माझ्या तोंडाक येणा नाय." बुवा खाली बघत राहिले. "माका दुसरो पखवाजी नको. पण चवतीक असोच इलो, तर दुसरो बघूचो लागतलो."

ते गेल्यावर मी कपबशी विसळायला घेतली. ह्या माणसाची नोकरी गिरणीबरोबर गेली. नंतर वॉचमनगिरी केली, दुकानात उभे राहिले, कशाचं काही वाटून घेतलं नाही. पण पखवाज गेला असता तर, मला खरंच सांगता येत नाही काय झालं असतं.

मग मी मागे लागले. रोज. आणि तुम्हाला सांगते, मी जितकी मागे लागले तितके हे पुढे पळाले. मुलाने आपल्या परीने उपाय काढला. ह्यांच्या फोनमध्ये रिमाइंडर लावून दिला, रोज सकाळी वाजायचा, "कान दाखवणे". आता ज्याला ऐकू येत नाही त्याला रिमाइंडर! हे आरामात पेपर वाचत बसलेले आणि फोन आपला ओरडतोय. शेवटी समोरच्या ब्लॉकमधली बाई दार वाजवून म्हणाली, "मावशी, काकांचं काहीतरी राहिलंय वाटतं." मुलगा कपाळाला हात लावून म्हणाला, "आई, तूच बघ बाई आता."

मला वेळेचं जे काही शहाणपण आहे ते सासूबाईंच्या खानावळीतलं. गावाहून एकटे आलेले कामगार आमच्या दोन खोल्यांत जेवायला यायचे, तिन्ही पाळ्यांचे. एक पंगत उठते न उठते तोच दुसरी दारात. मी लग्न करून आले ती त्या धबडग्यातच. सगळ्यात धाक मला कडव्या वालांचा. वालाचं बिरडं सकाळी मनात आलं आणि दुपारी वाढलं असं होत नाही. भिजवायचे, मोड आणायचे, मग एकेक सोलायचा. एवढं सगळं डोळ्यापुढे आलं की मी आपली काहीतरी दुसरंच काम काढायची. सासूबाई म्हणायच्या, "सोलण्याचो विचार आता कित्याक करतंस? तू वाल पाण्यात टाक आणि गप बस. मग तेच तुझ्या पाठी लागतले." आणि लागतातच हो. पाण्यात पडलेला वाल काही गणपतीपर्यंत थांबत नाही. नाही सोललेत तर वास सुटतो.

आता खानावळ नाही, पण परळच्या हापिसांत माझे थोडे डबे जातात. असाच एकदा वाल भिजत घालत होते आणि मनात आलं, मी ह्यांना सारखी सोलायलाच सांगतेय. डॉक्टर, तपासणी, मशीन, सगळं एकदम. माणूस घाबरणार नाही तर काय?

तेव्हापासून कानाचं नाव काढलं नाही. नाक्यावरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे माझ्या गोळ्या आणायला जायचं होतं, ह्यांना सोबत नेलं. तिथे सहज म्हटलं, ह्यांच्या कानात मळ आहे का बघता? डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं. "भरपूर आहे. हे थेंब घाला काही दिवस, मऊ होईल. मग कानाच्या डॉक्टरकडून काढून घ्या." थेंबांना ह्यांची हरकत नव्हती. म्हणाले, "थेंबच ना? घाल." माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखे आडवे व्हायचे.

मळ फुगला. होतं नव्हतं तेही ऐकू येईना. कापूस कोंबल्यासारखं वाटतंय म्हणून हे घरभर फिरायला लागले आणि आमच्या संसारात पहिल्यांदा मला ते वाक्य ऐकायला मिळालं, "चल गो, आताच जाऊया."

दादरच्या कानाच्या डॉक्टरांनी मळ काढला. ह्यांचा चेहरा उजळला, पण डॉक्टर काही हसले नाहीत. म्हणाले, "आलाच आहात तर तपासणीही करून घ्या. शेजारच्या खोलीतच आहे." ती खोली म्हणजे काचेचं कपाट. आत बसायचं, कानाला लावायचं, आवाज आला की बटण दाबायचं. दारापाशी हे थांबले.

"नापास झालो तर?"

"सत्तरी उलटल्यावर कोण नापास करतं हो?"

"बुवा करतलो."

म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं. बुवांनी न सांगता, मी न सांगता. कान दाखवले नाहीत तोवर कोणी बहिरा म्हणू शकत नव्हतं, आणि तोवर पखवाज ह्यांचा होता. आळस समजून मी ज्याच्यावर कुरकुर केली ती भीती होती. ह्यांचं पाकीट आणि चष्मा हातात घेतला आणि म्हटलं, "जा. मी इथेच बसलेय."

दोन्ही कानांना मशीन लागलं. पण तिथे काम संपलं नाही. घरी आल्यावर कुकरची शिट्टी झाली तसे हे खुर्चीतून उठलेच. "घरात इतको आवाज असता?" आणि मशीन डबीत. म्हणे, उद्यापासून घालतो. तो उद्या मला चांगला ओळखीचा. मी भांडले नाही. मोडाचे वाल घेऊन समोर बसले आणि म्हटलं, "एवढे सोलून होईपर्यंत घाला, मग काढा." पातेलंभर वाल. पुढच्या खेपेला मूठभर जास्त घेतले, त्यांच्या लक्षात येणार नाही इतकेच. एकदा मध्येच म्हणाले, "सोलताना तू गुणगुणतंस?"

"लग्न झाल्यापासून."

थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "बेसूर हा गो!"

मी वालाचं साल फेकून मारलं.

पखवाज मात्र ऐकवेना. मशीनमधून पत्र्याच्या डब्यासारखा लागतो म्हणाले. पुन्हा दादरला गेलो. तिथल्या मुलीने गाण्यासाठी वेगळं काहीतरी जुळवून दिलं, कानामागचं बटण दाबलं की सुरू होणारं, आणि म्हणाली, "काका, कानाला सवय व्हायला वेळ लागतो, रोज वाजवा." हे रोज वाजवायला लागले. थोडंच, पण रोज. खालचे लोक वर येऊन गेले, त्यांना मी बिरडं दिलं.

चतुर्थी जवळ आली तशी मी चहाचा थर्मास घेऊन तालमीच्या खोलीवर गेले. एरवी मी जात नाही, बाप्यांची जागा ती. दारातच उभी राहिले. बुवांनी गजर उचलला आणि ह्यांचा हात घाईने आधीच पडला. सगळे थांबले. कोणी कोणाकडे बघेना. ह्यांनी शांतपणे कानामागचं बटण दाबलं, पखवाजाच्या काळ्या शाईवर हात फिरवला आणि म्हणाले, "परत घे."

बुवांनी परत घेतलं. चाल बदलली तसा पखवाज त्यांच्याबरोबर वळला, झांजा मागून धावल्या. मला तालातलं काही कळत नाही, पण झांजवाले एकमेकांकडे बघून हसत होते ते मला दिसलं. संपल्यावर बुवा घाम पुसत म्हणाले, "मेल्या, दमवलंस माका! ह्यां यंत्र बंद कर बघू जरा." आणि थर्मास माझ्या हातातून घेऊन पहिला चहा ह्यांना दिला.

घरी येताना रिकामा थर्मास ह्यांनी घेतला. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, "आज बुवा डोळे मिटून गायलो, बघितलंस?"

"मग?"

"तो आधीपासून तसोच गाता. पण गेला वर्सभर माझ्याकडे बघून गाय होतो. डोळ्यांनी इशारो देय होतो, माका समजाक व्हया म्हणून. मी आपलो कळना नाय असा दाखवी होतंय."

मागून टेम्पोने हॉर्न दिला. रस्त्याने चालताना ह्यांना बाहीला धरून बाजूला ओढायचं काम माझं, कित्येक वर्षांचं. माझा हात बाहीपर्यंत पोचला तोवर हे स्वतःहून कडेला झाले होते. तरी मी बाही धरलीच.

"आता कित्याक धरलंस?"

"असंच. चला."