नऊ डब्यांची गाडी

तुमच्या घरात दाराच्या मागे खिळ्याला एक्स-रेची पिशवी लटकत होती ना, ती शेवटी कुठे गेली? आठवा जरा. माणूस गेलं, दिवसकार्य झालं, कपडे वाटले. आणि ती पिशवी?

मुलुंडला आमच्या संक्रमण शिबिरात प्रत्येक दारामागे अशी एक पिशवी होती. दोन वर्षांत पक्की घरं देतो म्हणून इथे आणून टाकलं, त्याला आता चौदावं वर्ष चालू आहे. मागे भिंतीला लागून सिमेंट कालवायचा कारखाना. सकाळी ताटं धुवून पालथी घालायची आणि दुपारी जेवताना पुन्हा धुवायची, हा आमच्या बायकांचा रोजचा धडा. ताट धुता येतं. छाती कुणी धुवायची, ते विचारायला गेलं की साहेब जागेवर नसतात.

लवू परब तिसऱ्या मजल्यावर राहतो. जन्मभर गाळ्यात लेथ मशीन चालवलं, आता साठी उलटून गेली. बोलायला कमी, हाताला सोनं. शिबिराच्या गणपतीचा देखावा दरवर्षी त्याचाच, आणि पाचव्या दिवशी आरतीनंतर देवासमोर मालवणीत गाऱ्हाणंही तोच घालतो. त्याची बायको राधा तीन वर्षांपूर्वी खोकून खोकून गेली. तेव्हापासून त्याने देखाव्याला हात लावला नव्हता. यंदा मात्र स्वतःहून म्हणाला, मी गाडी करणार.

गाडी म्हणजे त्याच्या लहानपणच्या एका पिक्चरमधली. पिक्चरचं नाव त्याला आठवत नाही, ते थिएटरही आता राहिलं नाही. ओसाड स्टेशन, निळं धुकं, आणि धुक्यातून येऊन उभी राहणारी गाडी. आत माणसं बसलेली, हलत नाहीत, बोलत नाहीत. फलाटावरून कुणी नावाने हाक मारली तरच तो माणूस उतरायचा आणि धुक्यात निघून जायचा. हाक मारणारं कुणी नसेल त्याने बसून राहायचं. नऊ वर्षांच्या लवूला त्या खिडक्या आयुष्यभर पुरल्या.

सामान सगळं भंगारातलं. दूध पावडरच्या डब्याचा बॉयलर, वॉशरची चाकं, चाकं जोडणारे दांडे मोडक्या छत्रीच्या काड्यांचे. धुराड्यात धूप ठेवायची सोय. डब्यांसाठी भंगारवाल्या भीमराजने त्याला एक्स-रेचा गठ्ठाच दिला, देवाचं काम आहे, घेऊन जा म्हणाला. मखर करणाऱ्या प्रत्येकाला ही युक्ती ठाऊक असते: एक्स-रे गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवायचा, काळं घासून काढायचं, खाली काचेसारखा कागद मिळतो. लवूने आजवर शेकडो धुतले. पण यंदा त्याला खिडक्या निळ्या हव्या होत्या, पिक्चरसारख्या. म्हणून त्याने ते धुतले नाहीत. गठ्ठ्यातले नऊ चांगले निवडले, कडेची नावानंबराची पट्टी कापून टाकली, एक फिल्म वाकवून एक डबा केला आणि वरून पत्र्याच्या चौकटी बसवल्या. पट्ट्या दुसऱ्या दिवशी घंटागाडीत गेल्या.

चतुर्थीला संध्याकाळी आरतीआधी त्याने बटण दाबलं. प्रत्येक डब्यात एक छोटा दिवा, सगळे एकाच माळेतले. निळा उजेड पडला आणि खिडक्यांत फासळ्या उभ्या राहिल्या. पोरं आधी हसली, मग आयांच्या मागे गेली. उजेड हळूहळू वाढत होता, हळूहळू उतरत होता. छाती भरते आणि रिकामी होते, तसा. कुणीतरी म्हणालं, लवूने झकास रेग्युलेटर लावलाय. लवूने रेग्युलेटर लावलाच नव्हता.

दुसऱ्या मजल्यावरची श्रुतिका चौथ्या डब्यापाशी वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिथे बरगड्यांवर एक सेफ्टी पिन दिसत होती. तिच्या आईने फोटो काढताना गळ्यातला गंडा काढायला साफ नकार दिला होता, त्यात अडकवलेली ती पिन. श्रुतिकाने टेबलाची कड धरली.

"लवूकाका, ही माझी आई आहे," ती म्हणाली. मग डब्याजवळ तोंड नेऊन हळूच नाव घेतलं, "अनुपमा."

चौथा डबा विझला.

माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझते, हे लवूला शिकवायला नको. इथे एकच गेला. बाकीचे आठ श्वास घेत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो भीमराजच्या दुकानात जाऊन उभा राहिला. हे कुठून आणलेस, एवढंच विचारलं.

"कुठून म्हणजे? तुमच्याच शिबिरातले ना," भीमराज म्हणाला. "माणूस गेलं की लोक पिशवी आणून देतात. राधावहिनींची तर तू स्वतः दिलीस, लवूभाऊ. बघितलंसुद्धा नाहीस मागे वळून."

लवू परत आला आणि एकेका डब्याला भिंग लावत गेला. शिबिराची लिफ्ट बंद पडली त्या वर्षी राधा पाण्याची कळशी घेऊन जिन्यावरून पडली होती. डावीकडची एक फासळी वाकडी जुळली होती. नवव्या डब्यात ती फासळी होती, छत्रीच्या वाकलेल्या काडीसारखी.

त्याने कुणाला सांगितलं नाही. नाव घेतलं नाही.

पुढचे तीन दिवस शिबिरात बातमी फिरली, लोक येत गेले. कुणी मोडलेल्या हाडावरून ओळखलं, कुणी नुसत्या खांद्याच्या उतारावरून. नाव घेतलं की डबा विझायचा आणि ओळखणारा माणूस तिथेच जमिनीवर बसायचा. चौथ्या दिवसापर्यंत असे चार झाले, श्रुतिकाच्या आईसकट पाच. कमिटीचा सिद्धेश म्हणाला, बाहेरचे पाहुणे येतात, खिडक्यांना रंगीत कागद लावू या. लवूने त्याच्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच मिटला.

दुपारी सगळे जेवायला गेले की लवू स्टूल घेऊन नवव्या डब्यापाशी बसायचा. उजेड वाढे, उतरे. मध्येच दोन झटके बसत, राधाला ढास लागायची तसे. त्याने वायर उपटून पाहिली. उजेड चालूच. त्याला भीती वाटली नाही. नाव घेतलं की ती उतरणार, याची वाटली.

पाचवा दिवस उजाडला. संध्याकाळी विसर्जनाआधी लवू नारळ घेऊन देवासमोर उभा राहिला, मागे सगळं शिबिर. गाऱ्हाण्यात गेलेल्यांची नावं घ्यायची असं यंदा ठरलं होतं.

"बा देवा म्हाराजा, जी लेकरां तुझ्यासमोर उभी आसत, तेंका सांभाळ."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

त्याने ओळखलेली पाच नावं घेतली. प्रत्येक नावामागे लोकांचा होकार. मग राधाचं नाव गाळून तो पुढे गेला.

"जी गेली, तेंची वाट मोकळी कर."

"व्हय म्हाराजा."

लोक गप्प झाल्यावर आणखी एकदा होकार आला. उशिरा, खालून, टेबलाच्या उंचीवरून. घोगरा, खोकल्याने फाटलेला. श्रुतिकाने लवूचा हात धरला.

"राधा," तो म्हणाला. मग पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "राधा लवू परब. जा गो. तुका मीच अडवून ठेवलंय."

नववा डबा विझला. धुराड्यात सकाळपासून धूप नव्हता, तरी धुराचा एक झोत निघाला आणि दाराकडे गेला.

गणपती गेले. देखावा मोडायचा असतो, पण लवूने गाडी मोडली नाही. तीन डबे अजून जळतात, त्याच्या खोलीत फळीवर, कुठल्याही वायरीशिवाय. दुसऱ्या डब्यात उजवा खांदा खाली झुकलेला आहे. सहाव्यात मानेजवळ एक जादा बरगडी आहे. आठवा लहान आहे, इतका लहान की लवू त्याच्याकडे बघत नाही. त्यांची घरं शिबिर सोडून कुठे गेली, कुणाला पत्ता नाही. नावं घंटागाडीत गेली.

तुमचं कुणी या शिबिरात खोकत गेलं असेल, तर या. मुलुंड, तिसरा मजला, दार उघडंच असतं. खात्री नसली तरी या, वाकून नीट बघा, आणि ओळख पटली तर त्याचं नाव मोठ्याने घ्या.