निर्दोष दूध

गावातल्या कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला; तो गाईंनाही होऊन दुधात उतरू शकतो, म्हणून आसपासच्या गाईंचं दूध तपासायचं होतं. मी गुरांची डॉक्टर. शेवंतामावशींच्या गोठ्यात गेले तेव्हा मास्क आणि चष्म्यामुळे माझा चेहरा दिसतच नव्हता. तरी त्यांनी विचारलं, "जेवलीस का गं?"

मावशी एकट्याच राहतात. रोज सकाळी शेजारणी दूध न्यायला यायच्या, घटकाभर बोलत बसायच्या. साथीची बातमी आल्यापासून कोणी फिरकलं नव्हतं. मी चारही सडांच्या धारा नळीत घेतल्या. "रिपोर्ट आला की फोन करते," म्हटलं.

"फोन नको. तूच ये."

दूध निर्दोष निघालं. मी गेले, गल्लीत घरोघरी सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या, पण भांडं घेऊन कोणी उठलं नाही. दूध चांगलं आहे, असं मला लिहून देता येतं. या म्हातारीकडे जाऊन बसा, असं कुठे लिहून देणार?

मावशींनी दूध तापवलं. सगळ्यांना दिसावं म्हणून पेला घेऊन मी ओट्यावर बसले. त्या शेजारी टेकल्या. समोरच्या दारांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"सावकाश पी," म्हणाल्या, "गरम आहे."

दूध केव्हाच कोमट झालं होतं. मी सावकाश प्यायले.