मिहराबीमागचा कूलर

तिसऱ्यांदा प्लॅस्टर पडलं, तेव्हा नेमके त्याखाली आमचे प्रोजेक्ट मॅनेजर नायर उभे होते.

“ही भिंत पाडा. काँक्रीटची उभी करू,” डोक्यावरचा चुना झटकत ते मला म्हणाले. “रविवारपर्यंत कारण सापडलं तर बोल. नाहीतर खलास.”

जेद्दाच्या जुन्या शहरातली ही मोहल्ल्याची मशीद; तिच्या डागडुजीचं काम आमच्याकडे. भिंती समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडाच्या. दगड हलका, पण स्पंजसारखा सच्छिद्र. मधूनमधून लाकडी तुळया आडव्या घातलेल्या, म्हणजे भिंत फाकत नाही. आणि पाडायची ती नेमकी मिहराबीची भिंत! मिहराब म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा. त्याच्याभोवती चुन्यातली जुनी वेलबुट्टी. ती गेली की उरलं काय? चार खांब आणि एसी.

बाकीच्या तीन भिंती ठणठणीत. मी ओल मोजायचं मीटर घेऊन भिंतीवरून फिरलो. मिहराबीच्या खाली काटा नाचायला लागला. मी धावत बाहेर, त्याच भिंतीमागच्या गल्लीत गेलो.

तिथे दुपारची छान सावली होती. आणि सावलीत, भिंतीला टेकून, थंड पाण्याचा स्टीलचा कूलर. वर पाटी: कुणाच्या तरी आईच्या स्मरणार्थ. येणारा जाणारा पाणी पितो, पेला विसळतो, विसळलेलं पाणी भिंतीच्या पायाशी ओततो. दगड पाणी शोषतो, पाण्याबरोबर मीठ वर चढतं, वर सुकतं, फुगतं आणि प्लॅस्टर ढकलून देतं.

“हलवा की मग! दोघं मिळून उचलू,” आमचा रत्नागिरीचा सुतार दाऊद म्हणाला.

“तू उचल. मी तुझा इकामा सांभाळतो.”

इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना; भांडण झालं तर आधी तोच जातो. आईच्या पुण्यासाठी ठेवलेलं पाणी परक्यानं हलवायचं म्हणजे गल्लीशी वैर. शिवाय ठेवणारे अबू सालेह रोज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर कूलरशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि लोकांना आग्रहानं पाणी पाजायचे.

मी त्यांच्यासमोर नाटक मांडलं. ताटलीत लाल सरबत ओतलं, त्यात प्रवाळाचा कोरडा तुकडा उभा केला. सरबत दगडात वर वर चढू लागलं. गल्ली जमली.

“बघा हाजीसाहेब, दगड पितोय! तुमची भिंतही अशीच पिते.”

अबू सालेहांचे डोळे पाणावले. “माशाल्लाह! म्हणजे माझ्या आईचं पाणी मशिदीची भिंतसुद्धा पिते? मग पुण्य केवढं!”

लगेच त्यांनी पेलाभर पाणी प्रेमानं भिंतीवर ओतलं. दाऊद मागे तोंड दाबून हसत होता.

मी त्यांना हाताला धरून आत नेलं. उघड्या पडलेल्या तुळईवर त्यांच्याच खिशातलं पेन टेकवलं. “दाबा.” पेन लोण्यात जावं तसं आत गेलं. म्हातारबाबा पेनाकडे बघत राहिले. पहिल्या रांगेतली त्यांची रोजची जागा बरोबर समोर होती.

“हिच्या आधारावर मिहराब आहे?”

“हो. आणि रविवारी ही भिंत पाडणार आहेत.”

ते बाहेर गेले. खुर्ची उचलून समोरच्या न्हाव्याच्या दारात ठेवली आणि ओरडले, “यल्ला! बघत काय उभे आहात? कूलर उचला!”

न्हावी खूश झाला. गिऱ्हाइकांसाठी थंड पाणी फुकट. सांडपाण्याला आम्ही पाइप लावून दिला.

रविवारी नायरनी मीटर बघितलं, फोन लावला आणि पाडकाम थांबवलं. भिंत सावकाश सुकू दिली, दाऊदनं तुळई बदलली, नवं चुन्याचं प्लॅस्टर टिकलं. नायरच्या रिपोर्टात कारण लिहिलंय: ‘जमिनीतली ओल’. गल्लीत विचाराल तर दोष अबू सालेहांनी शोधला, स्वतःच्या पेनानं.

ओल कुठे आहे ते मीटर सांगतं. ती हटवायला कुणाला हात जोडायचे, ते मीटरवर येत नाही.