मामांचा कूलिंगचा काढा

माणसाला होणारा एकही आजार असा नाही, जो जहाजाच्या इंजिनाला आधी होऊन गेलेला नाही, अशी माझ्या बायकोच्या मामांची ठाम श्रद्धा आहे. जन्मभर मालवाहू जहाजांवर काढून ते चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि सिंगापुरात मरीन परेडला मुलाच्या कॉन्डोत राहू लागले. पण इंजिनरूममधून ते वर आले असं मला कधीच वाटलं नाही. आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटवर आले की आधी लिफ्टची तब्येत सांगत, मग आमची चौकशी करत. फ्रिज बरा चालला असला तरी स्क्रू ड्रायव्हरचं टोक फ्रिजला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून डोळे मिटून उभे राहत आणि "बेअरिंग बोलतंय" असं सांगून आम्हाला काळजीत टाकत. माझी पाठ धरली तेव्हा ते म्हणाले की माझं अलाइनमेंट गेलंय. बायकोची अर्धशिशी हा त्यांच्या मते एग्झॉस्टचा प्रश्न होता. एकदा मला ताप आला तर त्यांनी एक हात माझ्या कपाळावर आणि दुसरा एसीच्या युनिटवर ठेवला आणि बराच वेळ विचार करून सांगितलं की दोघांपैकी एसीला जास्त विश्रांतीची गरज आहे. मला ते 'जावईबापू' म्हणत. या हाकेत जेवढा मान असतो तेवढाच 'तुम्हाला यातलं काही कळत नाही' असा भावही असतो, आणि त्यांच्या तोंडी दुसरं जरा जास्तच असे.

सिंगापूरवर त्यांचा जीव जडण्याचं कारण मात्र बंदर नव्हतं. इथले चिनी लोक जगातलं सगळं खाणंपिणं 'हीटी' आणि 'कूलिंग' अशा दोन भागांत वाटून टाकतात, हे कळल्या दिवसापासून मामांना आपण घरीच आल्यासारखं वाटू लागलं. "आमची आई हेच सांगायची. उष्ण आणि थंड. फक्त तिला चिनी येत नव्हतं," असं ते येईल त्याला ऐकवत. ड्युरियन या फणसासारख्या काटेरी फळाचा वास त्यांना मुळीच सोसत नसे, पण ड्युरियन खाल्ल्यावर उष्णता उतरवायला मँगोस्टीन खातात हे ऐकून ते इतके खूश झाले, की केवळ नंतर मँगोस्टीन खाता यावं म्हणून नाक दाबून आधी ड्युरियन खात. फूड कोर्टाच्या कोपऱ्यावर काळ्या कडू औषधी चहाचं दुकान असे, तिथे उभ्याउभ्या एक पेला रिचवल्याशिवाय ते पुढे जात नसत. प्यायल्यावर तोंड असं करत की विकणाऱ्या बाईलाच त्यांची दया येई. "कूलिंग वॉटर," ते आम्हाला समजावत, "चवीसाठी नसतं."

या सगळ्याचा आम्हाला त्रास काही नव्हता, उलट करमणूकच होती. प्रकरण गंभीर झालं ते आमच्या सईच्या चेहऱ्यावर मुरमं आली तेव्हा.

सई पंधरा वर्षांची होती. या वयात मुरमं येतात, जातात, असं आम्ही दोघांनी एकमेकांना पुष्कळदा सांगितलं. पण आरशात बघायचं काम तिच्याकडे होतं, आमच्याकडे नव्हतं. कपाळ, गाल, हनुवटी सगळं लाल झालं. कोविडची साथ ओसरली, साऱ्या सिंगापूरने मास्क काढले, आमच्या मुलीने मात्र ठेवला. आधी फक्त बाहेर जाताना, मग लिफ्टमध्ये, मग घरात पाहुणे असले की. शाळेच्या वादविवादाच्या संघातून तिने नाव काढून घेतलं आणि कारण विचारलं तर इथल्या पोरांसारखा शेवटी 'ला' जोडून "बोरिंग ला" एवढंच म्हणाली. ताट घेऊन ती आपल्या खोलीत जेवायला लागली. डॉक्टरांनी मलम दिलं होतं आणि परिणामाला काही महिने लागतील असं सांगितलं होतं. पण आमच्या घराण्यात महिने थांबण्याची पद्धत नाही, त्यामुळे बायकोने मलमावर मुलतानी माती आणि मातीवर चंदन असे थर चढवले आणि मुलीला आणखी रडवलं. जी मुलगी सतत बडबड करायची, तिच्या खोलीचं दार बंद बघून मी उगाच त्या दारापुढून दोन-दोनदा जायचो. मी चेष्टेने बोलणारा माणूस, पण त्या काळात मला चेष्टा सुचत नव्हती.

एका रविवारी मामा जेवायला आले आणि सई त्यांच्यासमोरून मास्क लावून, खाली मान घालून ताट घेऊन गेली. मामांनी भाताचा घास हातातच धरला. आता इंजिनाचं काहीतरी निघणार म्हणून मी तयार झालो. पण त्यांनी खूप हळू आवाजात विचारलं, "किती दिवस चाललंय हे?" बायकोने डोळ्यांना पदर लावला. मग मात्र ते मूळपदावर आले आणि त्यांनी निदान केलं: ओव्हरहीटिंग. कूलिंगची लाइन चोक झालेली आहे आणि आम्ही सगळे वरून बॉडीला रंग लावत बसलो आहोत. औषध आतून गेलं पाहिजे, आणि ते त्यांच्या ओळखीच्या एका चिनी वैद्यांकडे मिळतं.

अडचण एवढीच होती की सई घराबाहेर पडायला तयार नव्हती, आणि नाडी धरल्याशिवाय, जीभ बघितल्याशिवाय चिनी वैद्य औषध देत नाहीत. यावर मामांनी जी युक्ती काढली तिचं मला अजून कौतुक वाटतं. आम्ही सईला शाळेत हिंदीऐवजी चिनी भाषा घ्यायला लावली होती, पुढे उपयोगी पडेल म्हणून. आतापर्यंत तिचा उपयोग नूडल्समध्ये तिखट कमी घाला एवढं सांगण्यापुरताच झाला होता. मामांनी तिच्या दाराशी उभं राहून सांगितलं, की त्यांचा गुडघा फार दुखतोय, वैद्यबाईंना इंग्रजीचा एक शब्द येत नाही, आणि आपल्या खानदानात चिनी येणारी ती एकटीच आहे. पोरगी मनाने मऊ. मास्क लावून निघाली. त्या दोघांना एकटं सोडू नका, असं बायकोने बजावल्यामुळे मीही मागोमाग गेलो.

वैद्यबाई तिशीच्या, पांढऱ्या कोटातल्या, समोर लॅपटॉप. सईने शाळेत घोटलेलं चिनी वाक्य अदबीने म्हटलं. बाईंनी कौतुकाने ऐकून घेतलं आणि मामांकडे वळून म्हणाल्या, "अंकल, आय बॉर्न हिअर, इंग्लिश कॅन." मास्कच्या वर सईचे डोळे एवढे बारीक झाले की मी खिडकीबाहेर बघू लागलो. आता मामांना गुडघा दुखत असल्याचं नाटक निभावणं भागच होतं. त्यांचा ठणठणीत गुडघा तपासला गेला, त्यात सुया टोचल्या गेल्या, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, सुयांसकट बसल्या जागेवरून त्यांनी हळूच विषय काढला: "नाऊ माय ग्रँडडॉटर." सई ताडकन उठली. पण त्या अवस्थेतल्या म्हाताऱ्याला सोडून निघून जाणं तिला जमलं नाही. ती परत बसली आणि तिने मास्क खाली केला. बाईंनी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून शांतपणे नाडी पाहिली, डॉक्टरांचं मलम मुळीच बंद करू नकोस म्हणून सांगितलं, आणि वाळलेल्या पाकळ्या, साली, काड्या, मुळ्या यांच्या पुड्या बांधून दिल्या. आंबा, तळण, तिखट बंद, वेळेवर झोप.

त्यानंतर आमच्या स्वयंपाकघराचा ताबा मामांनी घेतला. रोज संध्याकाळी मरीन परेडहून बसने येत, मातीच्या भांड्यात पुडी भिजवत आणि पाणी अर्धं होईपर्यंत भांड्यासमोर खुर्ची टाकून बसत. वास म्हणाल तर पावसात भिजलेलं गोणपाट कुणी उकळायला ठेवावं तसा. आमच्या फोडणीवर इतकी वर्षं खिडकी लावून घेणाऱ्या शेजारच्या चिनी आजी या वासाने प्रथमच आमच्या दारात आल्या आणि "गुड, गुड" म्हणून मान डोलावून गेल्या. सईने पहिला घोट बेसिनमध्ये थुंकला. मामांनी दुसरा वाडगा घेतला, स्वतःसाठी भरला आणि तिच्यासमोर उभ्याने पिऊन टाकला. जे तेल इंजिनात घालायचं ते चीफने आधी बोटावर घेऊन बघितलं पाहिजे, असं काहीसं त्यांचं तत्त्व होतं. औषध तिच्या नाडीचं आहे, तुमच्या नाही, हे मी सांगून पाहिलं. "जावईबापू, रक्त एकच आहे," असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवसापासून दोघं समोरासमोर बसून वाडगा संपवू लागले, म्हणजे निदान संध्याकाळी तरी पोरगी खोलीबाहेर येऊ लागली.

आणि औषध तिच्या गळ्याखाली उतरू लागलं याचं आम्हाला आश्चर्य वाटत होतं, पण ते कसं उतरतंय हे आम्ही कुणी शोधलं नाही. बायको ऑफिसातून उशिरा येई, मी स्वयंपाकघरात जायला घाबरत असे. महिना होत आला आणि सईची मुरमं कमी व्हायच्या ऐवजी चांगलीच लाल दिसू लागली; आणि एका सकाळी ज्यांच्या चेहऱ्यावर उभ्या आयुष्यात फोड आला नव्हता, त्या बहात्तर वर्षांच्या मामांच्या नाकाच्या शेंड्यावर एक टपोरा, चकचकीत फोड उगवला. कपाळावर आणखी दोन.

दुसरा कुणी असता तर घरात बसला असता. मामा फोड घेऊन सगळीकडे हिंडले. लिटिल इंडियात भाजी आणायला गेले, देवळात गेले, बसमध्ये शेजारच्याला स्वतःहून दाखवला. मग आम्ही तिघं पुन्हा वैद्यबाईंकडे गेलो. बाईंनी दोन्ही चेहरे बघितले, आधी गोंधळल्या आणि मग एकच प्रश्न विचारला: औषधात आणखी काय घालता? मामा म्हणाले, काही नाही. मग म्हणाले, थोडा गूळ. मग सुंठ. मग चार मिरी, दोन लवंगा आणि चवीपुरतं जायफळ. हे सगळं घातल्याशिवाय त्याला काढा कसं म्हणायचं, हे त्यांनी बाईंनाच विचारलं. आपल्याकडे लहानपणापासून जो काढा पाजला जातो तो असाच असतो, हे मला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. मीही तोच केला असता. बाईंनी कपाळाला हात लावला. "अंकल," त्या म्हणाल्या, "यू पोर वॉटर, देन यू ऑन द गॅस. हाऊ टू कूल?"

माझ्या शेजारून एक विचित्र आवाज आला. पुन्हा वर ओढलेल्या मास्कच्या आत सई हसत होती. खूप दिवसांनी तो आवाज ऐकला आणि मला उगाचच चष्मा पुसावा लागला.

तिथून आम्ही जवळच्या हॉकर सेंटरवर, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, गेलो. भर दुपारची गर्दी, एकेका टेबलाशी चार अनोळखी माणसं. मामा भर मध्यावरच्या टेबलाशी बसले, कोपी, म्हणजे इथली कॉफी, मागवली आणि थोड्या वेळाने सईच्या कानाशी वाकून विचारलं, "बघ गं, लोक माझ्या नाकाकडे बघतायत का?"

सईने खरंच नजर फिरवली. एक आजोबा पेपर वाचत होते, एक आई पोराला भरवत होती, बाकीचे जेवण आणि फोन यांत बुडालेले. "नो ला, मामाआजोबा. कुणीच नाही बघत."

"नीट बघ."

तिने पुन्हा बघितलं. "नोबडी. प्रॉमिस."

मामांचा चेहरा पडला. त्यात नाटक नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. "एवढं मोठं नाक," ते खिन्नपणे म्हणाले, "त्यावर एवढा मोठा फोड, आणि एका माणसाला बघायला वेळ नाही. काय शहर आहे."

सई बराच वेळ त्या गर्दीकडे बघत राहिली. मग तिने मास्क काढून पर्समध्ये टाकला आणि उसाच्या रसाचा ग्लास पुढे ओढला. मी माझी कोपी ढवळत राहिलो.

पुढे मुरमं गेली. लगेच नाही, हळूहळू, काही डागही ठेवून गेली. डॉक्टर म्हणतात मलमाने, बायको म्हणते आंबा बंद केल्याने, मामा म्हणतात सुंठ काढलेल्या काढ्याने, आणि वयाने म्हणणारा मी एकटाच असल्यामुळे मला कुणी विचारत नाही. सई वादविवादाच्या संघात परत गेली आणि आता घरातही आमच्याशी इतका वाद घालते, की कधीकधी ते बंद दार बरं होतं असं तोंडातून निघून जातं, पण ते खरं नसतं.

मामा आता इथे नाहीत. त्यांच्या मुलाला कॅनडात नोकरी लागली आणि असल्या थंडीत जुनं इंजिन स्टार्ट होत नाही असं सांगून ते रत्नागिरीला भावाकडे राहायला गेले. तिथे त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. लक्षात यायला उशीर झाला होता. सगळ्या जगाची यंत्रं ऐकत हिंडणाऱ्या माणसाने स्वतःचं काही तपासून घेतलं नव्हतं. एक डोळा गेला आहे, दुसऱ्याला उजेड आणि सावली एवढंच कळतं. दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. त्यांचे भाऊ फोन धरतात, आणि मामा फोनच्या थोडं डावीकडे बघत आमच्याशी बोलतात. माझ्या पाठीचं विचारतात, फ्रिजचं विचारतात, आणि मग न चुकता म्हणतात, "सईला बोलवा. बघू दे चेहरा कसा आहे."

परवाच्या रविवारी तिच्या हनुवटीवर चांगली दोन मुरमं होती. परीक्षेची जागरणं, दुसरं काय. ती अभ्यासातून उठून आली, माझ्या हातातून फोन घेतला आणि चेहरा कॅमेऱ्याच्या इतका जवळ नेला की पलीकडे नुसता तिचा गाल दिसत असेल.

"दिसतंय, मामाआजोबा?"

"अजून जरा उजेडात ये," मामा म्हणाले.

ती फोन घेऊन खिडकीशी गेली आणि ते पुरे म्हणेपर्यंत तिथेच उभी राहिली.