मेल्चोरा आणि दानशूर नाक

आंधळी माणसं समोरच्याचा चेहरा हातानं चाचपून माणूस ओळखतात, हे ज्यानं कुणी पहिल्यांदा टीव्हीवरच्या मालिकेत घुसडलं ना, तो मला एकदा भेटायला हवा. अहो, कशाला चाचपू आम्ही परक्याचं घामट तोंड? आम्हाला कान आहेत, नाक आहे, आणि तोंड तर आहेच आहे, "कोण ते?" म्हणून सरळ विचारता येतं. पण देणगीदारांना ते चाचपणं फार आवडतं. गहिवरून येतं म्हणे त्यांना. मग काय, तार्मा गावातल्या आमच्या अंधगृहात दर वर्षी आंधळ्यांची संत सांता लुसिया, तिच्या सणाला चाचपणीचा कार्यक्रम ठरलेला, आणि ते काम डोन्या मेल्चोराकडे.

मेल्चोरा माझ्या शेजारी बसून झाडू बांधते. वयानं माझ्या आईएवढी, जिभेनं कुणाच्याही सासूएवढी. बाजारातल्या बायका तिच्या हातचा झाडू नाव घेऊन मागतात. ते कानावर आलं की ही ऐकून न ऐकल्यासारखं करते, पण त्या दिवशी जेवताना एक बटाटा जास्त घेते. देवाला भिते, संतांना मात्र दटावते. आमची सांता लुसिया स्वतःचे डोळे ताटात घेऊन उभी असते, तर मूर्तीसमोर मेणबत्ती लावता लावता मेल्चोरा तिला म्हणते, "तुझे सापडले गं बाई, आमचे कुठं ठेवलेस?"

आता हे देणगीदारांचं प्रकरण सांगते. आमच्याकडे कुठलीही नवी वस्तू आली की तिला पाद्रिनो लागतो, बारशाच्या मुलाला धर्मबाप असतो तसा. तो पैसे देतो, रिबीन बांधलेल्या हातोडीनं शॅम्पेनची बाटली फोडतो, पोरांवर नाणी उधळतो, आणि त्याचं नाव पितळी पाटीवर चढतं. दाता जितका मोठा तितकी पाटी उंच. आमच्यासाठी ठिपक्यांच्या लिपीतली पाटीही केलीये हो! पण बोटं लागून खराब होईल म्हणून तिच्यावर काच बसवलीये. घ्या! मग आम्ही आमची सोय काढली. ज्यानं जे दिलं, त्या वस्तूला त्याचंच नाव. दुपारी ऊन खायला आम्ही नोटरी डॉन वेनान्सिओवर बसतो. न्हाणीघरात विधवा पालासिओस दिवसभर गळत असते, तिला कितीही घट्ट पिळा.

गेल्या वर्षी मात्र गोष्ट चेष्टेवारी नेण्यासारखी नव्हती. झाडूच्या कारखान्याचं छप्पर इतकं गळायला लागलं की गवत कुजायचं आणि गिऱ्हाईक नाक मुरडायचं. समितीनं ठरवलं, पावसाचा जोर वाढण्याआधी नवे पत्रे चढले तर ठीक, नाहीतर कारखाना बंद, आणि ज्यांना नातेवाईक आहेत त्यांनी आपापल्या घरी जायचं. मेल्चोराला वर डोंगरात एक भाचा आहे. माणूस वाईट नाही. पण त्याच्याच घरात, त्याच्या आईच्या राज्यात, मेल्चोरानं सगळी तरुणाई चुलीच्या कोपऱ्यात काढली होती. आमच्याकडे स्वयंपाकघरात गिनीपिग पाळतात, त्यांच्यात बसून. "लोक माझ्यावरून हात लांब करून मीठ घ्यायचे," ती मला एकदा म्हणाली होती. "गिनीपिगांना निदान 'सरका' तरी म्हणायचे."

पत्रे द्यायला तयार झाले डॉन तेओफिलो इंगा, कांद्याचे ठोक व्यापारी. दर बाजाराला एक गोणी कांदे घेऊन स्वतः यायचे. माणूस खाली वाकून आयुष्यभर गोण्या उचललेला, आता पैसा मिळाला, तरी गावाच्या तोंडी कांदेवाला तो कांदेवालाच. त्यांची एकच अट. या वर्षी पहिला मान आपला, नोटरीच्या आधी, आणि मेल्चोराचे हात सगळ्या गावासमोर आपल्या चेहऱ्यावर फिरले पाहिजेत.

"फिरवीन की," मेल्चोरा म्हणाली. "पत्र्यांसाठी मी त्यांच्या खेचराचंही तोंड चाचपीन."

आमच्या व्यवस्थापिका सेन्योरिता ग्लादिस यांनी तालीम घेतली. मूर्तीच्या उजव्या हाताला पहिले उभे तेओफिलो, मग नोटरी, मग विधवा. चुकायला जागाच नव्हती. आणि खरं सांगायचं तर तालमीचीही गरज नव्हती. डॉन तेओफिलो दारात यायच्या आधीच आमच्या नाकाला कोपऱ्यावरून कांद्याची खबर लागायची.

पण सणाच्या दिवशी माणसानं काय करावं? मानाचा दिवस म्हणून आधी अंग घासघासून आंघोळ, मग अत्तर, केसाला सुगंधी तेल, नवे बूट, आणि कार्यक्रम गंभीर म्हणून तोंडाला कुलूप! कांद्याचा मागमूस नाही. त्यात नोटरीला दुसरा नंबर सोसवेना. बँड वाजायला लागला त्या गोंधळात तो कोपरानं ढोसत ढोसत मूर्तीशेजारी जाऊन उभा राहिला. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला ऐकू आलं ते इतकंच, की बँड थांबला, अंगण गप्प झालं, आणि मेल्चोरा मिठाईसारख्या आवाजात म्हणाली, "हेच ते आमचे डॉन तेओफिलो! हे कपाळ उदार! आणि हे नाक, अहाहा, असं दानशूर नाक सबंध तार्मात दुसरं नाही!"

मग पोरं खिदळली, पोरांमागून आया, आणि शेवटी पाद्रीबाबासुद्धा खोकल्याचं निमित्त करून हसले.

"मी वेनान्सिओ," दानशूर नाक बोललं.

"अरे देवा!" मेल्चोरानं हात असे मागे घेतले असणार, जसे काही तापल्या तव्याला लागले. "मग डॉन तेओफिलो कुठायत?"

"इकडं," दुसरीकडून आवाज आला. दुखावलेला, बारीक. "म्हणजे माझा चेहरा काही लक्षात राहण्यासारखा नाही तर. असू दे. कांदेवाल्याला काय चेहरा असतो?"

मी मनात म्हटलं, झालं, गेले पत्रे. ग्लादिसबाईंची तर बोबडी वळली. "पुन्हा, पुन्हा करूया! डोन्या मेल्चोरा, इकडं या, हां, डॉन तेओफिलो, जरा वाका... बँड, बँड!"

बँडनं पिपाणी लावली. मेल्चोरा म्हणाली, "थांबवा ते."

बँड थांबला.

"डॉन तेओफिलो, वाकू नका. मी हात लावणार नाही."

"डोन्या मेल्चोरा!" ग्लादिसबाई किंचाळल्याच.

"गप बस गं पोरी जरा." आवाजातली मिठाई आता संपली होती. "आम्ही चेहरे चाचपत नाही, डॉन तेओफिलो. कुणीच नाही. मी जन्मात एकच चेहरा चाचपला, माझ्या आईचा, आणि तोही ती गेल्यावर. हे सणाचं सगळं नाटक. पत्रे हवेत म्हणून मी ते करते. आणि मला पत्रे हवेत, हो! खोटं कशाला बोलू? कारखाना बंद झाला तर मला परत त्या चुलीपाशी जावं लागेल. मला भीती वाटते तिथली. मरणापेक्षा जास्त वाटते."

इतकी वर्षं शेजारी बसले, पण भीती हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

"पण तुम्हाला ओळखत नाही म्हणालात, तर ऐका," ती पुढं म्हणाली. "इथं मोठमोठी माणसं येतात. गोड बोलतात, आणि मग गुपचूप निघून जातात. आम्ही आपले बोलतच बसतो, समोर माणूस आहे असं समजून. पलीकडून कुणीतरी हसतं, तेव्हा कळतं की आपण भिंतीशी बोलत होतो. लाज वाटते हो. तुम्ही एकटे असे आहात, की उठताना सांगता. 'येतो हं माय, निघालो.' प्रत्येकीला वेगळं सांगता. या ओतिलियाला विचारा."

ओतिलिया म्हणजे मी. मी मान हलवली. मेल्चोराला ती दिसायची नाही हे लक्षात आलं तसं म्हणाले, "खरंय. मलाही सांगतात."

"कांद्याचा वास काय, उद्या दुसऱ्या कुणाच्याही अंगाला येईल," मेल्चोरा म्हणाली. "आता पत्रे द्यायचे तर द्या, नाही तर राहू द्या. माझं बोलून झालं."

अंगणात पागोळीचं पाणी टपटपत होतं. नवे बूट करकरले का? जाताहेत का? मला कळेना. मेल्चोरालाही कळेना. तिचा श्वास मला ऐकू येत होता, आणि तिनं माझा दंड घट्ट धरला होता. ती कधी कुणाचा दंड धरत नाही.

"डॉन तेओफिलो," ती शेवटी म्हणाली, अगदी हळू. "अहो, आहात का गेलात?"

मग नाक ओढल्याचा आवाज.

"आहे, माय. इथंच आहे."

"मग बोला की, भल्या माणसा! पत्रे कधी येणार?"

"उद्या सकाळी."

"आणि पन्हळी?"

"पन्हळी बोलण्यात नव्हत्या."

"चिकट! चिकट पाद्रिनो!" पोरं ओरडायला लागली. नाणी न उधळणाऱ्या पाद्रिनोला आमची पोरं सोडत नाहीत.

"बरं बाबांनो, पन्हळीसुद्धा!"

मग मेल्चोरानं माझा दंड सोडला आणि हात पुढं केला. चेहऱ्याकडं नाही, बाजारात सौदा पटल्यावर करतात तसा. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. वर्तमानपत्राचा फोटोवाला ओरडत राहिला, "डॉन तेओफिलो, इकडं बघा! अहो, इकडं कॅमेऱ्याकडं!" ग्लादिसबाई सांगतात, त्यांनी काही तिकडं पाहिलं नाही.