खोकल्याआड धरलेला पुठ्ठा

बाबांना एकच फोटो हवा होता. काळाचौकीची आमची चाळ पाडायची ठरली होती. नव्या घराच्या भिंतीवर लावायला, आपल्या दारात खुर्चीवर बसलेले ते आणि मागे दिवे लागलेली गॅलरी. फ्लॅश नको म्हणाले, त्यात चाळ काळी पडते. नवं घर ते बघणार नाहीत हे डॉक्टरांनी मला आणि आईला सांगितलं होतं. बाबांना कुणीच सांगितलं नव्हतं.

रात्रीचे फोटो काढायचा नाद मला होता, पण घरचं माणूस समोर बसवून कधी काढला नव्हता. पहिल्यांदा खाली चौकात उभी राहिले तर सगळी चाळ आली आणि बाबा ठिपक्याएवढे. मग समोरच्या गॅलरीत ट्रायपॉड लावला. तिथून कठडा तिरका धावत थेट त्यांच्यापर्यंत जात होता. पण आमच्या गॅलऱ्या लाकडी, कुणी दोन पावलं चाललं की कॅमेरा थरथरायचा. शेजाऱ्यांना जिन्यातच थांबवलं. पूर्ण अंधारात बल्ब नुसते पांढरे फटक येत होते, म्हणून दिवेलागणीची वेळ धरली, आभाळात थोडा निळा रंग उरलेला असताना. रिकाम्या खोल्यांचे विजेचे मीटर काढून नेले होते. त्यांच्या उंबऱ्यांवर आईने पणत्या लावल्या.

एवढं सगळं जमलं आणि बाबा खोकले.

शटर तीस सेकंद उघडं असतं. त्यात मधून चालत गेलेलं माणूस उमटतही नाही, जे स्थिर तेच राहतं. बाबांचा शर्ट आला, हात आले, चेहऱ्याच्या जागी धुरकट फराटा. गिरणी कधीच बंद पडली, पण तिथली कापसाची धूळ त्यांच्या छातीतून काही निघाली नाही. पुन्हा बसले. खोकला दाबून धरला, डोळ्यांतून पाणी आलं, मान लाल झाली, तरी खोकला आलाच. मला गिरणीचा राग आला, डॉक्टरांचा आला, आणि खरं सांगायचं तर बाबांचाही आला. अर्धं मिनिट गप्प बसता येऊ नये माणसाला?

रस्त्यावर फोटो काढताना मध्येच मोटारीचा झगझगीत दिवा आला, तर आम्ही लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरतो. तो गेला की पुठ्ठा बाजूला. तेच केलं. शटर उघडं ठेवलं, बाबांचा खांदा हलला की पुठ्ठा आड, शांत झाले की बाजूला. त्याआधी फ्रेममधली अडगळ म्हणून त्यांच्या पायाशी आईने ठेवलेला गरम पाण्याचा पेलाही आत नेऊन ठेवला.

फोटो सुरेख आला. स्क्रीनवर बघून बाबा म्हणाले, "बरो दिसतंय गो मी!"

भाड्याच्या खोलीत हललो आणि पावसाळ्याआधी ते गेले. बाराव्याला जो तो फोटोपाशी येऊन म्हणाला, किती शांत दिसतात. आईने मात्र त्या फोटोकडे नीट बघितलंच नाही. पुढे एकदा म्हणाली, त्या दिवशीचे बाकीचे दाखव. मी लॅपटॉप उघडला. पहिल्या, बिघडलेल्या फोटोवर तिने माझा हात धरला.

"ह्यो लाव."

"आई, अगं, यात चेहराच नाही."

"मी ह्येंका खोकल्याशिवाय कधी बघूक नाय. त्या फोटोत कोण दुसरोच बसलोहा."

मला खूप लागलं. आयुष्यात मी काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो होता.

आता भिंतीवर बिघडलेलाच आहे. दार, कठडा, पणत्या, पायाशी पेला, सगळं रेखीव, आणि वर तो फराटा. येणारे विचारतात, फोटो हललाय का? आई दिवेलागणीला पाणी कोमट करते आणि पेला फोटोखाली ठेवते.